वाकायला बंदी असलेलं घर

गिरदावर साहेबांच्या घरात वाकायला बंदी होती.

आदिलाबादच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान चढवून झालं, आईने बजावल्याप्रमाणे मी मालकीणबाईंच्या पाया पडायला गेले आणि कंबरेतून अर्धी वाकते न वाकते तोच मागून आवाज आला, "ओ बाई! सरळ उभ्या राहा. आमच्या इथं कोनी वाकत नाई." मी दचकून ताठ झाले. मागे ताडमाड उंच गृहस्थ, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा आणि हातात खुरपं. त्या खुरप्याला एवढा लांब बांबू बसवलेला होता की पहिल्या क्षणी मला तो भालाच वाटला. उभ्याउभ्या तण काढायचं म्हणून त्यांनी तो मुद्दाम बसवून घेतला होता.

गिरदावर म्हणजे महसुलातला, तलाठ्यांच्या वरचा माणूस. शेतं मोजायची, हद्दीची भांडणं मिटवायची, हे त्यांचं काम. बेला, जैनद, गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली असा सगळा मुलूख त्यांनी पायी आणि सायकलवर तुडवला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण गल्लीने त्यांचा हुद्दा काही काढून घेतला नव्हता. भाजीवाली सुद्धा "गिरदावर साब, टमाटा" असं ओरडायची. मी त्यांना काका आणि मालकीणबाईंना काकू म्हणायचे, पण मनातल्या मनात मलाही ते गिरदावर साहेबच वाटायचे.

घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. दारं इतकी उंच की सुताराने विचारलं होतं म्हणे, इथून हत्ती न्यायचा आहे का. "मानूस न्याचा हाये, सरळ," असं उत्तर त्याला मिळालं होतं. अंगणातला नळ छातीच्या उंचीवर, त्यामुळे हात धुणाऱ्याचा सदराही धुऊन निघायचा. चपला ठेवायची फळी कंबरेच्या उंचीवर. पाहुणे हातात चपला धरून गोंधळून उभे राहायचे, मग काकू हळूच खूण करायच्या. मांजरीच्या दुधाची वाटी स्टुलावर. मांजर बिचारी उडी मारून जेवायची आणि खाली उतरून उगाच इकडेतिकडे बघायची, जणू कोणी पाहिलं तर नाही ना.

कपडे वाळत घालायची दोरी फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर आडवी बांधलेली होती, कारण ऊन तेवढ्याच जागेत यायचं. ती साहेबांचा हात पोचेल इतकी उंच. ओली साडी सोडली तरी तिच्याखालून माणसाने ताठ चालत यावं हा हिशेब. काकू ठेंगण्या. टाचा उंचावून त्या कपडे दोरीवर टाकायच्या, एखादा सदरा पहिल्या फेकीत अडकायचा नाही, मग पुन्हा फेकायच्या. हे रोजचंच होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

या बंदीमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्या कोणाच्या जमिनीची केस सांगावी तसं. पैनगंगेच्या काठच्या गावात त्यांचे वडील एका पाटलाकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारे शेतगडी. पाटलाच्या आवारात माणसांसाठी मोठं दार होतं आणि सालदारांसाठी गोठ्याचं. गोठ्याचं दार इतकं बुटकं होतं की आत जाताना माणूस आपोआप वाकायचा. "माझा बाप माझ्याइतकाच उंच होता," साहेब म्हणाले. "पन गावात कोनाले मालूमच नोतं." पुढे तीच जमीन मोजायला ते गिरदावर म्हणून गेले आणि पाटलाने मोठ्या दाराशी खुर्ची टाकली. हे सांगून ते दातकोरणं शोधायला उठले. मी मात्र त्या दिवसापासून त्या उंच दारांची टिंगल मनातल्या मनात सुद्धा कमी केली. पूर्ण बंद नाही केली, कारण सदरा माझाही भिजायचा.

घरातल्या कुठल्याही बिघाडाची साहेब तफतीश, म्हणजे रीतसर चौकशी, करायचे. दुरुस्ती हा शब्द त्यांना हलका वाटे. "मौका पाह्यल्याशिवाय फैसला नाई," हे त्यांचं वाक्य. मौका म्हणजे घटनास्थळ. माझ्या कुकरची शिट्टी होईना, तेव्हा ते वर आले, हात मागे बांधून कुकरभोवती फेरी मारली, खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते पाहिलं आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात खुर्ची देऊन माझंच पाणी पाजलं. मग म्हणाले, "आता द्या बयान."

खुर्ची आणि पाणी हा त्यांचा कायदा होता. नोकरीत त्यांच्यापुढे साक्षीला येणारे गरीब लोक हात जोडून, पाठ वाकवून उभे राहत. म्हणून बयान घेण्याआधी साक्षीदाराला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, त्याला 'तुमी' म्हणायचं, तो बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, आणि त्याच्या बयानावर त्याच्याशी वाद घालायचा नाही. "पयले कागदावर घेत होतो. कागद तहसीलीत ठेवून आलो. आता सगळं तोंडी," असं ते म्हणायचे. कुकरची रिंग ढिली झाली होती हे मला आधीच माहीत होतं, पण बयानात मी ते शेवटी सांगितलं. एवढ्या थाटामाटाने कोणी आपलं ऐकून घेत असेल तर घाई कशाला करायची?

या माणसाची सगळ्यात मोठी तफतीश म्हणजे वॉशिंग मशीनची. आणि तिच्यावर त्यांचं अख्खं घर पणाला लागलं होतं.

काकूंची मनगटं वाताने सुजायला लागली तेव्हा हैदराबादला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने ही मशीन आणून दिली होती. दोन टाक्यांची साधी मशीन. एका टाकीत कपडे धुवायचे, मग पिळायला दुसरीत, म्हणजे ड्रायरमध्ये टाकायचे. ड्रायर गरगर फिरला की कपडे जवळजवळ कोरडे निघायचे. काकूंच्या मनगटांना मोठा आराम पडला. वाकायला लागू नये म्हणून साहेबांनी मशीनसाठी पत्र्याच्या आडोशाखाली ओटा बांधला. पावसाळा संपला तसं त्यांना मशीनच्या पाण्याचंही वाईट वाटू लागलं. आधी नळीतून ते जमिनीवरच लिंबाच्या झाडाकडे वाहत जायचं. आता त्यांनी एक पिंप विटांच्या थरावर चढवलं आणि नळीचं तोंड वर घेऊन पिंपाच्या काठाला बांधून टाकलं. पिंपातून उभ्याउभ्या प्लास्टिकचा मग भरायचा आणि लिंबाला घालायचा. या रचनेवर साहेब इतके खूश होते की गल्लीतल्या दोघातिघांना बोलावून त्यांनी ती दाखवली.

त्याच सुमाराला ड्रायर मंदावला. आधी त्याची शीळ माझ्या खोलीपर्यंत यायची, आता नुसता कण्हायचा. कपडे निघायचे ते टपटप गळत. मी रविवारी माझे कपडे वर नेईपर्यंत जिना धुऊन निघायचा.

पौर्णिमेला विहारात जायला काकूंना पांढरी साडी लागायची. मुलगा नेमका तेव्हा आला होता. त्याने आईला ओट्याशी उभं राहून ती साडी हाताने पिळताना पाहिलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या ते खांद्याला पुसत होत्या. मुलगा शांत स्वभावाचा, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "बाबा, आईचे हात पाह्यले का तुमी? इथं दोघंच राहून काय करून राह्यले? चला माझ्यासंगं हैदराबादले."

"तुझ्या फ्लॅटाचं न्हाणीघराचं दार माझ्या कपायाले लागते," साहेब म्हणाले. "मान खाली घालून आंघोळीले जाऊ का मी?"

"दार नाई, आई पाहा."

साहेबांनी काकूंच्या मनगटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मशीन दुरुस्त झाली त?"

"मी परत येईन तवा मशीन बरोबर पिळत असंल त राहा. नाई त दोघंबी सामान बांदा."

"मंजूर," साहेब म्हणाले. त्यांनी 'मंजूर' म्हटलं की ते फिरवत नसत, हे गल्लीलाही ठाऊक होतं. काकू साडी घेऊन दोरीकडे निघून गेल्या.

मग तफतीश सुरू झाली. पहिली आरोपी मी. रविवारी एकटंच जाड ब्लँकेट ड्रायरमध्ये कोंबल्याचा माझ्यावर संशय होता. खुर्ची आली, पाणी आलं. "तुमी ब्लँकेट कोन्या बाजूनं टाकली?" मी खरं ते सांगितलं. वजन एका अंगाला झालं की ड्रायर थडथडतो, फिरत नाही, हे साहेबांचं म्हणणं बरोबरच होतं; पण कपडे चारी बाजूंनी सारखे दाबून, वर प्लास्टिकची चकती ठेवून, अगदी थोडेच टाकले तरी तो कण्हतच राहिला. माझी निर्दोष मुक्तता झाली.

दुसरा आरोपी कापूस. मोसम भरात होता, मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस गल्लीभर, दोरीवरच्या कपड्यांवर, माझ्या केसांत. साहेबांनी मशीनची जाळी काढली, तर आत कापसाचा हा एवढा बोळा. त्यांनी तो चिमटीत धरून काकूंना, मला आणि मांजरीला दाखवला. "हा पाहा मुलजिम!" जाळी धुतली, मशीन लावली, ड्रायर पुन्हा कण्हला. मग त्यांनी मशीनवर पाण्याने भरलेलं ताट ठेवून ओटा तिरका आहे का ते पाहिलं. ओटा सरळ निघाला; तो तिरका निघता तर त्यांनी बहुधा स्वतःवरच खटला भरला असता. झाकण नीट बसतं का ते पाहिलं. व्होल्टेज कमी आहे का म्हणून मला पंख्याखाली बसवलं. ड्रायरच्या बाजूच्या फटीत हात घातला तर माझा हरवलेला मोजा सापडला. मला आनंद झाला, ड्रायरला काही फरक पडला नाही.

शेवटी एक मिस्तरी बोलावला. त्याला खुर्ची दिल्यावर तो बिचारा गांगरला. "अंकल, मैं खड़े खड़े बता देता ना." साहेबांनी ऐकलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर मिस्तरीने रिकामा ड्रायर हाताने फिरवला, मशीनला कान लावला आणि म्हणाला, "मोटर गई अंकल. नया ले लो."

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "याचं बयान कमजोर हाये. मौका न पाहता बोलला." पण त्यांचा आवाज पडला होता. संध्याकाळी ते लिंबाजवळ नुसते उभे होते, हातात मग, मगात पाणी, आणि पाणी घालायचं विसरून गेले होते. मला त्या माणसाची फार दया आली. त्या उंच दारांतून जन्मभर सरळ चालून आता या वयात कुठल्यातरी सातव्या-आठव्या मजल्यावर मान खाली घालून त्यांनी राहायचं, ही कल्पनाच मला सहन होईना.

ज्या रविवारी मुलगा येणार होता, त्या दिवशी मी सकाळीच खाली येऊन बसले. मुलगा आला, चहा झाला. काकूंनी त्यांची पांढरी साडी आणि साहेबांचे दोन सदरे धुवून ड्रायरमध्ये नीट रचले. साहेबांनी बटण फिरवलं. आम्ही सगळे त्या मशीनकडे बघत उभे. ड्रायर कण्हला, जरा हलला, आणि तसाच कण्हत राहिला. मुलाने झाकण उघडून साडीचा पदर वर काढला. धार लागली.

तो काही जिंकल्यासारखा दिसत नव्हता. हळूच म्हणाला, "बाबा, ठरलं होतं."

 साहेबांनी मान खाली घातली. हनुवटी छातीला लागली. त्या घरात मी एवढे दिवस राहिले, पण ते दृश्य कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहू नये असंच ते होतं.

काकू इतका वेळ माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याची ती मान पाहिली. मग पिंपापाशी गेल्या, सुतळीची गाठ दाताने सोडवली आणि नळीचं तोंड पिंपातून काढून खाली जमिनीवर टाकून दिलं. भसाभस पाणी निघालं आणि पूर्वीसारखं लिंबाकडे धावलं. मशीनच्या तळात इतकं पाणी तुंबलं असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. काकूंनी परत येऊन झाकण लावलं, बटण फिरवलं. ड्रायर आधी घुमला, मग वेग घेतला, आणि मग ती जुनी शीळ अंगणभर झाली.

साहेबांनी पिंपाकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. सगळं त्यांच्याच हातचं होतं.

"तुले मालूम होतं?" ते म्हणाले.

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मले इचारलं कोन?" काकू म्हणाल्या.

साहेब घरात गेले. मला वाटलं, रागावले. पण ते खुर्ची घेऊन बाहेर आले. सावलीत ती ठेवली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. परत आत जाऊन पाण्याचा गिलास आणला. काकू आधी उभ्याच राहिल्या, मग बसल्या. पाणी त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं. साहेब समोर उभे राहिले, हात मागे बांधून.

"सांगा तुमी," ते म्हणाले. बायकोला ते 'तुमी' म्हणाले हे ऐकून मुलाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पिंपाखाली इटा ठेवल्या तवाच मी समजली," काकू म्हणाल्या. "नळी वर गेली, त पानी कसं निघंल? तळाशी राह्यते, अन् त्या पान्यात डबा फिरते. तुमी सगळ्याईले खुर्ची देली. त्या मिस्तरीले देली, या पोरीले देली. मशीन कोन चालवते? मी. मंग मलेबी राग आला. म्हनलं, पडू दे बंद. बंद पडली त कोनी तरी इचारन, बाई, तुले काय पाह्यजे. हा म्हनते हैदराबाद, तुमी म्हनता आदिलाबाद. मी का गाठोडं आहो?"

मुलगा काही बोलायला गेला. साहेबांनी त्याच्याकडे न पाहता हाताने थांबवलं. "बयान चालू हाये."

"मनगटाचं दुखनं मशीननं नेलं," काकू पुढे म्हणाल्या. "आता खांदा दुखते. हात वर जात नाई. दोरी पाहा कुठं बांदली तुमी. रोज टाचा वर करकरून कपडे टाकते मी. या घरात भायेरच्या मानसाले वाकाले लागत नाई, चांगलं हाये. पन घरच्या बाईले उड्या माराले लागते."

ड्रायर थांबला होता. मांजर स्टुलावरून आमच्याकडे बघत होती.

"काय पाह्यजे तुमाले?" साहेबांनी विचारलं.

"इथंच राह्याचं हाये. पन दोरी खाली पाह्यजे."

साहेबांनी बयानावर वाद घातला नाही. ते दोरीपाशी गेले. हात वर करून त्यांनी एका टोकाची गाठ सोडली, मग दुसऱ्या टोकाची. काकूंना खांबाजवळ उभं केलं आणि म्हणाले, "हात वर करा. जेवढा दुखत नाई तेवढाच." काकूंचा हात त्यांच्या स्वतःच्या कानाइतका वर गेला आणि थांबला. साहेबांनी तिथे खडूने खूण केली. एवढी शेतं मोजली, पण इतकी जपून हद्द त्यांनी क्वचितच आखली असेल. दुसऱ्या टोकालाही तशीच खूण करून त्यांनी दोरी ताणून बांधली. काकूंनी साडी ड्रायरमधून काढली, झटकली आणि टाचा न उचलता दोरीवर पसरवली. जवळजवळ कोरडीच होती ती.

आता साहेब, मुलगा आणि मी फाटकाच्या बाजूला होतो आणि घर दोरीच्या पलीकडे. वाट तेवढी एकच. साहेब दोरीसमोर क्षणभर उभे राहिले. मग गुडघे न वाकवता, पाठीतून, नवशिक्यासारखे अवघडत ते वाकले आणि पांढऱ्या साडीखालून पलीकडे गेले. मागून मुलगा वाकला. मला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्ही लपवायला मीही लगेच वाकले.

पिंपाखालच्या विटा त्याच दुपारी निघाल्या आणि पिंपही. मुलगा एकटाच हैदराबादला परतला. बाकी घरात काहीच बदललं नाही. नळ छातीला, चपला कंबरेला, मांजरीची वाटी स्टुलावर. फक्त दोरी खाली. सकाळी साहेब कपडे वाळत घालायला काकूंना मदत करू लागले, तेव्हा दोन सदऱ्यांमध्ये सारखं अंतर राहिलं पाहिजे म्हणून त्यांची किरकिर चालायची. "हद्दीचा वाद नको," असं ते म्हणायचे. काकू मुद्दाम एखादा टॉवेल हद्द ओलांडून टाकायच्या.

माझी पुढे बदली झाली. परवा बासरला दर्शनाला जाऊन आले तेव्हा वाट थोडी वाकडी करून आदिलाबादला त्यांच्याकडे गेले. फाटक उघडलं आणि जुन्या सवयीने मान ताठ ठेवून सरळ आत निघाले, तर ओल्या चादरीत तोंड. आतून साहेबांचा आवाज आला. म्हातारा झाला होता, पण अजून तहसीलीतलाच होता.

"कोन हाये? वाका, वाका! या घरात वाकूनच यावं लागते."

मी चादरीखालून वाकून आत गेले.